हिराओ गोमा-चान आणि इतर तिघं

कुरेहामा,
९ नोव्हेंबर

प्रिय मिसाको,

समुद्र आज शांत आहे आणि माझे गुडघे नेहमीसारखेच आहेत.

तुझी सफरचंदं पोचली. एकही डागाळलेलं नव्हतं. त्यातली सहा शेजारच्या ओकुमुरांना दिली. 'सुनेनं पाठवली का?' म्हणून विचारत होते. मी म्हटलं, 'मग काय टपालखात्यानं?' दोन ताइजीच्या फोटोपुढे ठेवली आहेत. त्याला सालासकट आवडायची, म्हणून न कापता तशीच ठेवली.

आता मोठी बातमी. काल चारही मांजरांना तपासायला डॉक्टरकडे नेऊन आणलं. एकटीनं! ताइजी होता तेव्हा दोन पिंजरे तो उचलायचा, दोन तू, आणि मी दारात उभी राहून सूचना करायचे. काल सूचना करायला कोणी नव्हतं म्हणून काम लवकर उरकलं.

तू शिकवलेलं लक्षात होतं. कपडे धुवायच्या जाळीच्या चार पिशव्या काढल्या, एकेकाला पिशवीत घालून चेन लावायची आणि मग पिंजऱ्यात. पण पिशव्या काढल्याबरोबर घर रिकामं! यांना आतली खबर कोण देतं कोण जाणे. दाइफुकु कपाटात गाद्यांच्या मागे घुसला, पण त्याचं बूड बाहेरच राहिलं. गोमा आणि सुमी दोघेही काळे, दोघेही फ्रिजच्या मागे, त्यातला कोण हाताला लागला ते उजेडात आणल्यावर कळलं. किनाकोनं मात्र काही त्रास दिला नाही. खिडकीत बसली होती, मी पिशवी उघडली तशी आपण होऊन आत शिरली. म्हातारपणी शहाणपण येतं म्हणायचं.

पिंजरे घेऊन एकशे बेचाळीस पायऱ्या उतरणं मला शक्य नव्हतं. ओकुमुरा म्हणाले, 'माझ्या गाडीतून पाठवा की.' त्यांच्या वाडीतून संत्र्यांच्या पेट्या खाली रस्त्यापर्यंत नेणारी ती एका रुळावरची गाडी, तीच. तिच्यावर पाटी आहे, माणसांनी बसू नये. मांजरांबद्दल काही लिहिलेलं नाही. चारही पिंजरे दोरीनं बांधून टाकले. मांजरं माल म्हणून खडखडत निघाली, मी पायऱ्यांनी. गोमाचं रडणं साऱ्या डोंगराला ऐकू गेलं. खालच्या फुनाकोशी बाई हात पुसत अंगणात आल्या. 'तोकिए-सान, यंदा संत्री ओरडायला लागली का हो?' मी म्हटलं, 'जात नवी आहे. गोड लागतात पण चावतात.'

दवाखान्यात काउंटरवर नवी मुलगी आली आहे. आवाज असा, की बंदरावर लावली तर भोंग्याची गरज नाही. 'हिराओ गोमा-चान!' मी उठले. 'हिराओ सुमी-चान!' पुन्हा उठले. दाइफुकुचं वजन सात किलो, त्यालाही लाडानं 'चान'! चार वेळा उठले, चार वेळा बसले. आपलं आडनाव एवढ्या मोठ्यानं, एवढ्या वेळा ऐकायची सवयच राहिली नाही ग. घरात हाक मारणारं कोण आहे? खरं सांगू, बरं वाटलं. शेजारी एक बाई कुत्रं घेऊन बसली होती, म्हणाली, 'केवढं मोठं कुटुंब आहे तुमचं!' मी म्हटलं, 'आणखी एक सून आहे. ती उत्तरेला असते.'

आता तिथे सगळं कॉम्प्युटरवर घेतात म्हणून नवे फॉर्म भरून घेतले. मालकाच्या नावापुढे मी तुझं नाव लिहिलं, हिराओ मिसाको. पत्ताही तुझाच दिला. मांजरं तुम्हा दोघांची, मी त्यांची दाई. लसीची आठवण करून देणारं कार्ड आता तुझ्याकडे येईल. मग तू मला पत्र लिहून आठवण करून द्यायचीस. तेवढंच एक निमित्त.

चौघांची तब्येत उत्तम आहे. निशिगाकी डॉक्टर म्हणाले, तपासायला हवं ते मलाच.

ताइजीला जाऊन दोन वर्षं झाली त्याचा विधी गेल्या महिन्यात नीट पार पडला. सफरचंदांची तोडणी चालू असताना तुला रजा मिळणार नाही हे मला माहीत होतं, तरी तुझं आसन मांडलं होतं. दाइफुकु येऊन त्यावर बसला आणि भिक्षूंचं पठण संपेपर्यंत हलला नाही.

तुझी,
आई


हिरोसाकी,
२१ नोव्हेंबर

आई,

तुमचं पत्र दुपारच्या सुट्टीत कचेरीत वाचलं. ओरडणाऱ्या संत्र्यांपाशी आले आणि तोंडातला भात टेबलावर. शेजारची मुलगी पाठीवर थापट्या मारायला धावली. तिला काय झालं ते सांगायचा प्रयत्न केला, पण ती गाडी, त्या पायऱ्या, ते घर पाहिलेलं नसेल तर त्यात हसण्यासारखं काही नाही. मग मी एकटीच हसले.

इथे सफरचंद संघात कामाचे दिवस आहेत. दिवसाला साठ-साठ फोन येतात. कुणाला दहा किलोची पेटी हवी, कुणाला पाच, कुणाची वेळेवर पोचली नाही. घरी येते तेव्हा बोलायची इच्छाच उरत नाही. म्हणून तर तुम्ही फोन करत नाही आणि मी करत नाही हे बरं आहे. पत्रात आवाज लागत नाही.

एक विचारू? किनाको आपण होऊन पिशवीत शिरली? आमची किनाको? तिला पिशवीत घालायला आम्हा दोघांना अर्धा तास लागायचा. ताइजीच्या मनगटावरची पांढरी रेघ तिचीच होती. तो ती रेघ पाहुण्यांना दाखवायचा, 'ही आमच्या मोठ्या बाईंची सही.' तिचं वजन किती भरलं ते कळवा ना.

आणि मालक म्हणून माझं नाव कशाला लिहिलंत? मांजरं त्या घरची, घरात तुम्ही आहात. तुमचंच लिहायचं होतं.

माझ्या आसनावर दाइफुकु बसला हे वाचून बरं वाटलं, आणि नंतर बरं वाटेना. नव्या वर्षालाही येता येईल असं दिसत नाही. इथे पहिला बर्फ पडून गेला. छपरावरून तो घसरून खाली पडला की धप्प आवाज होतो आणि मी दर वेळी मान वळवते, दाइफुकु कपाटावरून उतरला असेल म्हणून. या घरात मांजर ठेवायला परवानगी नाही हे माझ्या कानांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

पायऱ्या सांभाळून उतरा. ओकुमुरांना नमस्कार.

मिसाको


कुरेहामा,
७ डिसेंबर

प्रिय मिसाको,

समुद्रावर वारा आहे, गुडघ्यांतही आहे.

घाईत लिहितेय. संत्र्यांची पेटी आज पाठवली. वरच्या थरातली आधी खा, खालची टिकतील. ही ओरडत नाहीत.

किनाकोच्या वजनाचा कागद कुठे ठेवला तो सापडत नाही. सापडला की कळवीन. ती ताइजीच्या स्वेटरवर झोपते. तो मी धुतलेला नाही म्हणून रागावू नकोस, तिनं धुवू दिला नाही.

दवाखान्यातली मुलगी म्हणाली, लसीची कार्डं महिन्याच्या सुरुवातीला टाकली. तुझ्याकडे आलं का? त्यावर या वर्षी काय चित्र आहे? मागच्या वर्षी ढोल वाजवणारं मांजर होतं, ते माझ्या कॅलेंडरपाशी अजून आहे. तुझ्याकडे या घरातलं काहीतरी दिसत राहील, म्हणून मला उगाच बरं वाटतंय.

आई


हिरोसाकी,
१९ डिसेंबर

आई,

संत्री मिळाली. कचेरीत एकेक वाटलं आणि उरलेली कुणाला न सांगता घरी आणली. साल सोलल्यावर वास आला आणि मी तशीच हातात धरून बसून राहिले. तुमच्या घराच्या मागच्या दाराचा वास आहे तो.

हो, कार्ड आलं. या वर्षी मफलर घातलेलं मांजर आहे. मी फ्रिजवर लावलंय, रोज सकाळी दूध काढताना दिसतं. मार्चमध्ये लस आहे, विसरू नका. बघा, दिली की नाही आठवण!

परवा संध्याकाळी कामावरून येताना कुंपणावर एक पिवळं मांजर बसलं होतं. मी 'किनाको' म्हणून हाक मारली. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे निघून गेलं. मी रस्त्यात उभी. कुणाला तरी सांगावंसं वाटलं, पण ताइजीशिवाय ज्याला सांगावं असं एकच माणूस आहे, आणि ते इतक्या लांब राहतं. मला तुमची फार आठवण येते, आई. चहा करताना तुम्ही स्वतःशी बोलता, तो आवाज ऐकायला मिळावा म्हणून मी कधी कधी इथे चहा करताना काहीतरी पुटपुटते. पण ते जमत नाही.

नवं वर्ष सुखाचं जावो. तांदळाची चिकट मोची घशात अडकते, तुकडे लहान लहान करून खा.

मिसाको


कुरेहामा,
११ जानेवारी

मिसाको,

समुद्र करडा आहे. गुडघ्यांचं राहू दे.

पाकिटावरचं नाव बघितलंस? कासाई मिसाको. तुझ्या माहेरचं नाव तुमच्या लग्नाच्या आमंत्रणावर होतं, ते कपाटातून काढून बघून लिहिलं. बरोबर असेल तर हे पत्र तुझ्या हातात आहे. आता तू तिसरंच एखादं नाव लावत असशील, तर ते मला माहीत नाही. मग पत्र परत येईल आणि मला कळेल.

काल किनाकोला घेऊन दवाखान्यात गेले होते. का, ते पुढे सांगते. त्या मुलीनं मला काउंटरपाशी बोलावलं आणि पहिल्यांदाच आवाज खाली आणला. तो तिला खाली आणता येतो हे मला माहीत नव्हतं. 'आजी, हे परत आलंय हो,' असं म्हणून तिनं कार्ड पुढे ठेवलं. 'हिराओ गोमा-चान आणि इतर तिघं', त्याखाली तुझा पत्ता, तुझ्या घराचा नंबर, सगळं बरोबर. आणि वर लाल शिक्का. या पत्त्यावर या नावाचं कुणी राहत नाही.

मी म्हटलं, 'पोस्टातली माणसं आंधळी आहेत. आत्ताच वर्षअखेरीला तिची सफरचंदं आली मला.' ती म्हणाली, 'मग दारावरच्या पाटीवर दुसरं नाव असेल. पाटीवर नसलं की ते परत पाठवतात.' तिच्या मनात काही नव्हतं. पोर आहे, तिला काय ठाऊक आपण कुणाशी बोलतोय.

त्या कार्डावर मफलर नाही, मिसाको. या वर्षीचं मांजर कागदी पिशवीत झोपलंय, नुसती शेपटी बाहेर आहे. मी ते घरी आणलं आणि फ्रिजवर लावलं. म्हणजे आता निदान एकीच्या तरी फ्रिजवर आहे.

राग आला का म्हणशील, तर आला. बसमध्ये फार आला. किनाकोला संत्र्यांच्या गाडीतून वर पाठवलं आणि मी पायऱ्या चढायला लागले. एकशे बेचाळीस पायऱ्या रागानं चढता येत नाहीत, दम लागतो. साठाव्या पायरीपाशी बसले. तिथून बंदर दिसतं. ताइजी तुला पहिल्यांदा घेऊन आला तेव्हा तू त्याच पायरीवर बसली होतीस, बूट काढून, टाचेला फोड आला होता. मी वरून ओरडले होते, 'आणखी ब्याऐंशी आहेत, मुली!' आणि तू पायात बूट न घालता चढून आलीस. मला तेव्हाच तू आवडलीस. हे तुला कधी सांगितलं नव्हतं, आता सांगून टाकते.

तू अडतीसची आहेस. दोन वर्षं खूप झाली. नाव बदललंस ते योग्यच केलंस, आणि कुणी असेल तर तो चांगलाच असेल, तुझी पारख मी बघितली आहे. त्याला मांजरांच्या केसांनी शिंका येत नसाव्यात एवढंच बघ. तू माझ्यापासून लपवलंस याचं वाईट वाटलं. पण लपवण्यात मीही मागे नाही.

किनाको आजारी आहे. नोव्हेंबरमध्येच कळलं होतं. वजनाचा कागद हरवलेला नाही, देवघरातल्या खणात आहे. तीन किलोला थोडं कमी. मूत्रपिंडं थकली आहेत. रोज कातडीखाली सलाईन द्यावं लागतं, एकानं धरायचं आणि दुसऱ्यानं सुई लावायची, दोन माणसांचं काम आहे. ओकुमुरा धरायला येतात. पहिल्या दिवशी सुई त्यांनाच लागली. 'निदान मला ताकद तरी येईल,' म्हणाले बिचारे. पण ते आता माझ्याएवढेच म्हातारे, त्यांचेही हात थरथरतात, आणि किनाको आम्हा दोघांकडे असं बघते की बस. डॉक्टर म्हणतात, हे रोज नीट चाललं तर वसंत बघेल, कदाचित उन्हाळाही. नीट चाललं तर.

तुला लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तू धावत आली असतीस, मांजरासाठी. मला तू मांजरासाठी यायला नको होतीस. मला वाटायचं, एखाद्या दिवशी तू आपल्या मनानं येशील. किती वेडी आहे मी. आता लिहिते, कारण आता तुझ्यावर कसलंच बंधन नाही.

सुखी राहा. सफरचंदं पाठवायचं मात्र बंद करू नकोस. ओकुमुरांना मी काय सांगू?

तोकिए


हिरोसाकी,
१८ जानेवारी

आई,

असं लिहावं की नाही यावर सकाळपासून अडले होते. तुम्ही पत्राखाली 'तोकिए' म्हणून सही केलीत, आजवर पहिल्यांदा. तरीही मी आईच लिहिणार आहे. नको असेल तर कळवा.

पत्र पोचलं. कासाई बरोबर आहे. तिसरं नाव नाही आणि दुसरा माणूसही नाही. शिंका येणारा नाही, न येणाराही नाही.

कार्डाबद्दल मी खोटं बोलले. तुम्ही ते इतक्या कौतुकानं विचारलं होतंत की 'आलं नाही' असं लिहिता येईना. वाटलं, उशिरा येईल, तोवर कशाला नाराज करायचं. ते का आलं नाही हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. दारावरची पाटी बदलली तेव्हा मी आमच्या पोस्टमनला थांबवून सांगितलं होतं, 'हिराओ मिसाको नावानं पत्रं येतील, ती माझीच.' त्यानं बिचाऱ्यानं एकही चुकवलं नाही. पण हिराओ गोमा-चान कोण हे त्याला कसं कळावं?

नाव मी गेल्या एप्रिलमध्ये बदललं. कारण सांगते, ते ऐकून तुम्ही मला वेडी म्हणालच.

कचेरीत फोन उचलला की आपलं नाव सांगायचं असतं. 'सफरचंद संघ, हिराओ बोलतेय.' दिवसाला साठ वेळा. पलीकडचा माणूस बोलायला लागण्याआधी एक क्षण काहीच ऐकू येत नाही. मी तिकडे कामाला होते तेव्हा ताइजी मला कचेरीत फोन करायचा ना, त्याच क्षणी तो म्हणायचा, 'हिराओच बोलतोय. तुम्हाला कुठला हिराओ हवाय?' रोज तोच विनोद. आठ वर्षं. मी दर वेळी म्हणायचे, 'पुरे आता.' आई, तो गेल्यावर इथे आले आणि त्या साठांतल्या प्रत्येक क्षणी मी थांबायचे. आता तो म्हणेल. आणि पलीकडून कुणीतरी म्हणायचं, 'पाच किलोची पेटी पाहिजे होती.' एकदा मी एका गिऱ्हाइकाशी बोलता बोलता रडायलाच लागले. तो घाबरला. 'अहो बाई, उशिरा आली तरी चालतील सफरचंदं, माझं काही म्हणणं नाही!'

त्याला विसरायला नाही बदललं. दिवस ढकलता यावा म्हणून बदललं. 'कासाई बोलतेय' म्हटलं की पुढे नुसती सफरचंदं असतात.

नगरपालिकेत फॉर्म दिला तेव्हा खिडकीतल्या बाईनं दुसरा एक कागद पुढे केला. 'नवऱ्याच्या घरच्यांशी नातं संपवायचं असेल तर हा वेगळा असतो. बऱ्याच जणी दोन्ही एकदमच भरतात.' मी म्हटलं, 'नको.' ती म्हणाली, 'घरी घेऊन जा हवं तर, त्याला मुदत नसते.' मी म्हटलं, 'नको म्हटलं ना!' इतक्या मोठ्यानं की रांगेतली माणसं बघायला लागली. दवाखान्यातल्या त्या मुलीला मागे टाकलं असेल मी. तो कागद मी हातात धरलासुद्धा नाही. सरकारदरबारी मी अजून तुमची सून आहे, आई. नाव नसलेली सून.

तुम्हाला सांगायला तोंड होत नव्हतं. त्याचं नाव सोडलं म्हटल्यावर तुम्हाला वाटणार, त्यालाच सोडलं. विधीला आले नाही तेही त्यासाठीच. रजा मागितलीच नव्हती. तिथे आले असते तर भिक्षूंनी घराण्याचं नाव घेतलं असतं आणि मी मान खाली घालून बसले असते, चोरासारखी. माझ्यापेक्षा दाइफुकुला त्या आसनावर बसायचा जास्त हक्क होता.

आणि तुम्ही म्हणता, मी आपल्या मनानं यावं असं वाटायचं. मी रोज येत होते हो. चहा करताना यायचे, बर्फ पडला की यायचे. पायऱ्या मोजत झोपायचे. बोलावणं येईल याची वाट बघत बसले, आणि तुम्ही मी न बोलावता येईन म्हणून वाट बघत बसलात.

साहेबांना आज सांगितलं. १२ फेब्रुवारीला पोचते, महिनाभराची रजा घेतली आहे. इथे आल्यापासून पहिल्यांदाच मागितली म्हणून त्यांनी लगेच दिली. किनाकोसाठी येत नाही असं म्हणणार होते, पण पुन्हा खोटं कशाला? तिच्यासाठीही येते. मी धरीन, तुम्ही टोचा. नाहीतर उलट. ओकुमुरांना तोवर जगवा.

एक राहिलं. दवाखान्यात मालक म्हणून माझं नाव आहे. ते बदलून कासाई केलं तर मांजरांना कासाई म्हणून हाक मारतील, आणि गोमाला ते कळायचंही नाही. मी आले की फॉर्म नव्यानं भरते आणि तुमचं नाव घालते. तुम्ही म्हणाल तसं.

मिसाको


कुरेहामा,
२६ जानेवारी

प्रिय मिसाको,

समुद्र निळा आहे आणि आज गुडघे अजिबात दुखत नाहीत, का ते कळत नाही.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. एकदा माझ्यासाठी, एकदा ताइजीच्या फोटोपुढे, मोठ्यानं. 'कुठला हिराओ हवाय' तिथे मला थांबावं लागलं. तो लहान असतानाही माझ्या मैत्रिणींना फोनवर हेच विचारायचा, आणि मी चिमटा काढायचे. तुझ्यावरही तोच प्रयोग करत होता हे मला माहीत नव्हतं. तिसऱ्यांदा ओकुमुरांसाठी वाचलं, पण सगळं नाही. ते नाक शिंकरत म्हणाले, 'म्हणजे आता मला सुट्टी ना?' मी म्हटलं, 'बारा तारखेपर्यंत नाही.'

साठ वेळा! मला अगोदर सांगायचं होतंस ग. मी इथे चार वेळा ऐकलं तर सुखावून गेले आणि तुला तिथे तेच रोज साठ वेळा बोचत होतं. वेडी तू नाहीस, मी आहे. तुला कासाईच राहू दे. दिवस बरा जायला हवा, नाव कुठलंही असलं तरी.

'नाव नसलेली सून' असं पुन्हा लिहायचं नाही. आई म्हणू का म्हणून विचारायचंही नाही. तोकिए म्हणून सही केली ती रागानं केली होती, तेवढं तुला कळायला हवं होतं. आठ वर्षं माझ्या हातचं खाल्लंस!

किनाको खातेय. रोज नाही, पण खातेय. काल तिनं ओकुमुरांना चावून दाखवलं. इतका आनंद झाला की मी त्यांच्याऐवजी तिलाच आधी शाबासकी दिली. तिला रोज सांगते, बारा तारीख. ती स्वेटरवर डोकं ठेवून ऐकते. तिनं तेवढं थांबावं म्हणून मी देवळात जाऊन आले. इतक्या मनापासून याआधी एकदाच गेले होते, ताइजीसाठी, तेव्हा उपयोग झाला नाही. तरी गेले.

तुझं आसन उन्हात घालून ठेवलंय. दाइफुकु त्यावर उन्हातही बसतो. आलीस की तुमचं तुम्ही बघून घ्या.

आता दवाखान्याचं. त्या मुलीनंही परवा विचारलं, 'मालकाचं आडनाव बदलून घेऊ का? मग मांजरांचंही बदलेल.' मी म्हटलं, 'मांजरांना विचारून सांगते.' घरी येऊन विचारलं. दाइफुकु झोपला होता, गोमा आणि सुमी फ्रिजमागे गेले, किनाकोनं एक डोळा उघडून बंद केला. तेव्हा फॉर्म कुणीही नव्यानं भरायचा नाही. तू तुझं नाव ठेव, मांजरं त्यांचं ठेवतील. पत्ता तुझाच राहील. तुझ्या त्या पोस्टमनला गोमा-चानची ओळख करून दे म्हणजे झालं.

चौदा तारखेला सकाळी दहाची वेळ घेतली आहे. चौघांनाही नेऊ. किनाकोला तर न्यायचंच आहे, बाकीच्यांची लसही उरकू, मार्चपर्यंत कशाला थांबायचं? पिशव्या धुवून वाळत घातल्या आहेत, मांजरांना अजून पत्ता नाही. दोन पिंजरे तू घे, दोन मी. पायऱ्यांपर्यंतच, पुढे ओकुमुरांची गाडी आहे.

तिथे बाकावर बसलं की ती मुलगी तिच्या त्या आवाजात 'हिराओ' म्हणून हाक मारेल. चार वेळा मारेल. त्या दिवशी माझे गुडघे दुखणार आहेत. मी बाकावरून हलणार नाही. हाक आली की तू ऊठ.

तुझी,
आई